वीस हात पाण्याखाली

चैत्रातल्या त्या सकाळी नारायण पेठेतल्या हौदाचं गोमुख गप्प होतं. सोनबा सुतार पायरीवर राखुंडीचं बोट तोंडात घालून बसला होता आणि काहीतरी चुकतंय एवढंच त्याला आधी जाणवलं. काय चुकतंय ते कळायला बोट तोंडातून बाहेर यावं लागलं. गेली अकरा वर्षं धारेचा तो आवाज त्याच्या घराच्या भिंतीसारखा होता. भिंतीकडे कोण बघतं, पण ती सकाळी जागेवर नसली म्हणजे माणूस उठून उभा राहतोच. तो उभा राहिला. मुक्ताबाई, त्याची बायको, रिकामी घागर कडेवर घेऊन परत आली आणि म्हणाली की हौदात आहे ते पाणी दोन दिवस पुरेल असं बायका म्हणताहेत, आणि त्या दोन दिवसांतल्या पाण्यावरून भांडणं आजच सुरू झाली आहेत. मग घागर खाली ठेवून तिने विचारलं, "तुम्हांला बोलावणं नाही आलं?" सोनबाने चूळ भरली. बोलावणं आलं नव्हतं. आठ दिवस तो त्या बोलावण्याची वाट पाहत होता, हे तिला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही. दर वर्षी चैत्र लागला की तळ्यावरून माणूस यायचा, सोनबा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दोन कोस चालत जायचा आणि तिसऱ्या दिवशी, धार आटायच्या आतच, पेठेत नवं पाणी यायचं. यंदा नव्या कारभाऱ्यांना वाटलं असेल की म्हातारं खोड कशाला हलवा. त्याने तोंड पुसलं, पागोटं गुंडाळलं आणि पिशवी उचलली. मुक्ताबाईने भाकरी बांधून दिली.

वाट ओळखीची होती, पाय आपले आपण चालत होते, आणि सोनबाचं मन त्याच्या आधीच जाऊन तळ्याच्या तळाशी बसलं होतं. तिथं त्याचं बूच होतं. दक्षिणेच्या टेकड्यांच्या कुशीत सरदारांनी बांध घालून तळं केलं, तळ्यापासून पेठेपर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला, तेव्हा तळ्याला तीन मोऱ्या ठेवल्या होत्या, एकीखाली एक. वरच्या दोन मोऱ्यांचं काम सोपं. पाणी भरलेलं असतं तोवर त्या वाहायच्या, पातळी खाली गेली की कोरड्या पडायच्या. खरी गरज तिसरीची. ती अगदी तळाशी, भर उन्हाळ्यातही वीस हात पाण्याखाली. दीड हात रुंदीचं गोल भोक, त्याला दहा महिने घट्ट मिटून ठेवायचं आणि चैत्रात उघडायचं. मिटलेलं असताना थेंब गळता कामा नये आणि उघडायचं म्हटलं की उघडलं पाहिजे. एवढंच काम. वीस हात पाण्यावर उभं राहून बोलणाऱ्या माणसाला ते एवढंच वाटतं. सोनबाने बाभळीचं बूच केलं, उलट्या घंटेसारखं, त्याला सागवानी दांडा लावला, दांड्याचं टोक पाण्याबाहेर चौथऱ्यावरच्या रहाटाला बांधलं. बूच दगडात बसलं आणि गळायला लागलं. दगड आणि लाकूड कितीही तासा, त्यांच्यात एक केसभर जागा राहते, आणि वीस हात पाण्याच्या ओझ्याला केसभर जागा म्हणजे उघडं दारच. कातड्याची कडी, बुचाभोवती गोल पट्टी, शिवून बसवली की मिटेल, हे सोनबाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हाच्या कारभाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. पेठेतली सोवळ्यातली घरं हे पाणी देवाला घालणार, आणि तू त्यात मेलेल्या जनावराचं कातडं बुडवणार? ताग घाल, लाख घाल, राळ घाल. सोनबाने ताग घातला, तो सडला. लाख घातली, ती तडकली. राळेत भिजवलेलं कापड घातलं, ते पाण्याने एका पावसाळ्यात चाटून नेलं. तीन वर्षं पौषातच तळ्याचा तळ दिसू लागे, आणि तीन वर्षं सगळे सोनबाकडे असे बघत की जणू त्याने पाणी पिऊन टाकलं होतं.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती आणि चालताना ती पिशवीच्या बंदावर नीट बसत नसत. तिसऱ्या वर्षीची गोष्ट. तळं निम्म्यावर आलं होतं, गळतंय कुठून ते हाताने चाचपावं म्हणून सोनबाने बुडी मारली होती. तेव्हा तो चाळिशीच्या पुढचा होता पण छाती शाबूत होती. खाली काळोख होता, कानांत कुणी सळई खुपसावी तसं होत होतं. त्याने बुचाच्या कडेवरून तळवा फिरवला आणि एका जागी पाण्याने तो तळवा धरला. ओढला नाही, हिसकला नाही, धरला. बोटं फटीत गेली आणि वरचं सगळं तळं त्यांच्यावर बसलं. पाण्याला हात नसतात असं त्याला तोवर वाटत होतं. त्याने जीव खाऊन ओढलं, मग ओढायचं थांबवलं, कारण छातीतला वारा संपत आला होता आणि डोक्यात एक विचित्र शांतता पसरत होती. त्या शांततेत त्याला एवढंच वाटलं होतं की कातडं असतं तर. मग कुणीतरी त्याच्या कमरेला मिठी मारली, दोन्ही पाय दगडाला लावले आणि त्याला उपटून काढलं. बांधावर येऊन ओकताना त्याने पाहिलं, तो गेनबा चांभार होता. मोटेचं कातडं डोक्यावर घेऊन बांधावरून चालला होता, वर आलेले बुडबुडे पाहिले, कातडं टाकलं आणि उडी घेतली. ज्या तळ्याच्या पाण्याला त्याने शिवायचं नव्हतं त्याच्या तळाशी जाऊन त्याने, शिवायचं नव्हतं अशा माणसाला शिवून वर आणलं होतं. मग गेनबा म्हणाला होता की सुतारबुवा, म्हशीच्या पाठीचं घ्या, पोटाचं घेऊ नका, पोटाचं ढिलं पडतं.

म्हशीच्या पाठीचं घेतलं. गेनबाने ते करडईच्या तेलात सहा महिने मुरवलं, दुहेरी टाक्याने कडी शिवली, सोनबाने ती बुचाच्या खांद्याला बसवली आणि वरून तांब्याचा पातळ पत्रा मढवला. पत्रा खालून उघडा होता. वरून पाहणाऱ्याला तांबं दिसायचं, दगडाला कातडं लागायचं. शके सतराशेच्या आगेमागे केव्हातरी तळं पहिल्यांदा चैत्रापर्यंत टिकलं, सरदारांनी सोनबाला शेला दिला, आणि गेनबाला काय दिलं, तर सोनबाने आपल्या घरी परसदारी बसवून जेवण दिलं. ते जेवण त्याला अजून टोचत होतं. परसदारी. पुढची अकरा वर्षं सबंध पेठ ते पाणी प्याली. सोनबा संध्याकाळी हौदावर बसे, सोवळ्यातल्या बायका पितळी घागरी घासूनपुसून धारेखाली धरत, एखादीच्या घागरीला कुणाचा पदर लागला तर ती सगळी घागर ओतून पुन्हा भरी, आणि सोनबाला आतल्या आत असं हसू येई की त्याला खोकल्याचं निमित्त करावं लागे. पण ते हसू सरळ नव्हतं. त्याच्या बुडाशी भीती होती, आणि भीतीच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, जिच्यापर्यंत तो सहसा उतरत नसे. हातून घडलेलं सगळ्यांत चांगलं काम त्याला कुणाला दाखवता येत नव्हतं. मुक्ताबाईला वास आला होता, ती काही बोलली नव्हती. गेनबा तीन वर्षांपूर्वी गेला. आता ते काम जाणणारा माणूस जगात एकच उरला होता, आणि दर चैत्रात बूच उघडायच्या वेळी तो माणूस सगळ्यांना बांधावरून खाली घालवून देई. पाणदेवीचं करायचं आहे, पाहायचं नसतं, असं सांगे. लोक डोळे झाकून विश्वास ठेवत. देवाचं नाव घेतलं की पुण्यात कुणी फार विचारत नाही.

बांधावर पोचला तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. पंचवीसएक माणसं होती, तुटलेले दोर पडले होते, आणि मातीत हत्तीच्या पायांचे ठसे होते. म्हणजे हत्ती लावला होता. सोनबाचं लक्ष आधी दांड्याकडे गेलं. दांडा वरून तिसऱ्या हातावर उभा चिरला होता आणि दांड्याच्या कडेने खाली जाणारी बारीक साखळी, जिच्याकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं, ती तुटून नुसतीच लोंबत होती. आप्पासाहेब, नवे कारभारी, छत्रीखाली उभे होते. पस्तिशीचे, गोरेपान, कामाला वाघ असा त्यांचा लौकिक. त्यांच्या शेजारी अनंत कारकून दौत-लेखणी सांभाळत होता. आप्पासाहेबांनी सोनबाला पाहिलं आणि म्हणाले, "सोनबा, तुला बोलावल्याचं आठवत नाही."

"नव्हतं बोलावलं," सोनबा म्हणाला. "म्हणूनच आलो."

आप्पासाहेबांना हसायला वेळ नव्हता. बूच फुगून दगडात रुतलं आहे, असा त्यांचा हिशेब होता, आणि अडाणी माणसाचा वाटला तरी तो वेडगळ नव्हता. लाकूड पाण्यात फुगतं हे खरंच. पण हत्तीला हरवणारी गोष्ट लाकूड नव्हती. वीस हात पाण्याचा खांब बुचाच्या डोक्यावर उभा होता आणि बुचाखाली रिकामा नळ होता. ओढणारा बूच ओढत नव्हता, सगळं तळं उचलत होता. आता आप्पासाहेबांनी वारज्याहून संपतला आणलं होतं. मुठेच्या डोहांतून बुडालेली माणसं आणि भांडी काढणारा हा भोई, तिशीचा, काळा, आखूड मानेचा. तो पहार घेऊन खाली जाणार होता आणि बूच फोडणार होता. फुटलं की पाणी सुटेल, पेठेला मिळेल, पुढचं पुढे. संपत कानांत तेलाचे बोळे घालत होता. सकाळी तो दोनदा जाऊन आला होता. खाली काय आहे असं सोनबाने त्याला विचारलं. "काळं हाय समदं," संपत म्हणाला. "हाताला लागंल तेवढंच दिसतं. नारळ न् बांगड्या हायती ढीगभर, बुचावर." तेही बरोबर होतं. अकरा वर्षं आसपासच्या गावांतल्या बायका चौथऱ्यावरून पाणदेवीची ओटी टाकत होत्या, तांदूळ, नारळ, काचेच्या बांगड्या, सगळं खणात दगडासकट बांधून, नेमकं दांड्याच्या कडेने, म्हणजे नेमकं बुचाच्या माथ्यावर.

आणि मग सोनबाच्या मनात ते आलं. ते येणारच होतं, बांधावर पाऊल ठेवल्यापासून ते जवळच कुठेतरी उभं होतं. बूच फुटलं तर कातडं फाटून नळात जाईल, दोन कोसांच्या अंधारात गाळात रुतेल, कुजेल. कुणाला काही कळणार नाही. सोनबाने फक्त गप्प बसायचं होतं. न बोलावता आलेल्या म्हाताऱ्याने गप्प बसणं यापेक्षा साधं काय असतं? तो एका दगडावर बसला. संपत कमरेला दोर बांधत होता. पहिला घाव बसेल, काही होणार नाही. दुसरा, तिसरा. चौथ्याला बाभळ चिरेल, आणि त्या चिरेतून तळं आत शिरू पाहील, आणि संपतचा हात, नाहीतर पाय, नाहीतर छातीच त्या भोकावर असेल. वरची माणसं दोर ओढतील. दोर येईल. सोनबाला आपली वाकडी बोटं दिसत होती. त्यांना या क्षणी काहीही दुखत नव्हतं, तरी ती दुसऱ्याच कुणाची असावीत तशी गार पडली होती. तो स्वतःशी म्हणाला की भोई आहे, त्याचं हे रोजचं काम आहे. म्हणाला की मी नसतो आलो तरी तो गेलाच असता. म्हणाला की अकरा वर्षं पाणी पाजलं, आता म्हातारपणी बेड्या घालून किल्ल्यावर बसायचं का. प्रत्येक वाक्य नीट रंधा मारलेलं होतं, हात फिरवला तरी कुठे कुसळ लागत नव्हतं, आणि त्याचाच त्याला संताप आला. आपण इतकं सफाईदार खोटं केव्हा शिकलो? अकरा वर्षांत शिकलो. बूच झाकता झाकता तोंडही झाकलं गेलं. हा लबाडीचा पत्रा आपणच ठोकला, आपल्याच हाताने. संपतने पहार उचलली.

"तो वर येणार नाही, आप्पासाहेब," सोनबा मोठ्याने म्हणाला.

कोण म्हणतं, असं आप्पासाहेबांनी न वळताच विचारलं. सोनबा उठून त्यांच्यासमोर गेला, वाकडा हात त्यांच्या डोळ्यांपुढे धरला आणि सांगितलं की या दोन बोटांएवढ्या फटीने मला धरलं होतं, हे भोक दीड हाताचं आहे. मग त्याने उपाय सांगितला, आणि सांगताना त्याचा आवाज जुन्या पेटीचं झाकण खूप दिवसांनी उघडावं तसा येत होता. मोठ्या बुचाच्या खांद्यात एक लहान बूच आहे, चार बोटांचं. ते ओढायची साखळी तुमच्या हत्तीने तोडली. बांधाच्या पोटात जी उभी विहीर आहे, तिच्या तळाला नळाच्या तोंडावर सरकती फळी आहे, ती आधी पाडायची, म्हणजे पाण्याला पुढे वाट नाही. मग लहान बूच काढायचं. पाणी त्या चार बोटांच्या भोकातून विहिरीत भरत राहील, आणि विहिरीतलं पाणी तळ्याइतकं वर आलं की बुचाला वरून जेवढा दाब तेवढाच खालून. मग हत्ती नको. मी एकटा फिरवत आलो, दोन माणसं रहाट सहज फिरवतील. बांधावर सगळे ऐकत होते. आप्पासाहेब आता वळले होते. हुशार माणूस होता, त्यांना एका दमात सगळं कळलं आणि कळल्याचं त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"अकरा वर्षं हे कुणालाच का सांगितलं नाहीस?"

"बूच वर आलं की दिसेल," सोनबा म्हणाला. दांडा चिरला होता. बूच नुसतं उचलून भागणार नव्हतं, नवा दांडा बसवायला ते पुरतं बाहेर काढावं लागणार होतं. आपण काय बोलून बसलो ते त्याला ठाऊक होतं. भीती होती आणि तिच्यासोबतच एक जुनं, जवळजवळ विसरलेलं सुख होतं, कामाला हात घालायच्या आधीचं.

फळी पडली. संपत तीन बुड्यांत बुचाच्या माथ्यावरचे नारळ बाजूला सारून आला, चौथ्या बुडीत त्याने लहान बुचाच्या लोखंडी कडीत दोर ओवला. ओवलास की तिथं क्षणभर थांबू नकोस, असं सोनबाने त्याला चार वेळा बजावलं होतं, आणि चौथ्यांदा संपत म्हणाला होता, "आज्या, कळलं की." तो वर येऊन चौथऱ्याला टेकला तेव्हाच सोनबाने दोर ओढायला सांगितलं. सहा माणसांनी ओढला, दोर ताठ झाला, आणि मग एकदम ढिला पडला. पाण्यावर काही दिसलं नाही. दिसलं नाही म्हणूनच सगळे सोनबाकडे पाहू लागले. तो विहिरीच्या कठड्यावर पालथा पडून खाली ऐकत होता. खालून आवाज येत होता, जाड, घुमणारा, दगडाच्या घशातून वर येणारा, आणि त्याला वाटलं की सकाळी पेठेत हरवलेला तोच आवाज इथे आला आहे. पाणी चढत होतं. दगडाचा एक थर बुडाला, दुसरा बुडाला. आप्पासाहेब त्याच्या शेजारी येऊन वाकून पाहू लागले, त्यांचं उपरणं खाली लोंबत होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. घटकाभरात विहीर तळ्याइतकी झाली. रहाटावर दोन माणसं उभी राहिली, त्यांनी जोर लावला, तो जास्तच झाला आणि दोघेही मागच्या मागे पडता पडता वाचले. लोक हसले. संपतने हातातली पहार बांधावर टाकून दिली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. बूच वर येत होतं.

चौथऱ्यावरून ते बांधावर आणून आडवं केलं तेव्हा हसणं थांबलं. तांब्याचा पत्रा हिरवा पडला होता, हत्तीच्या ओढीने एका बाजूला उचकटला होता, आणि त्याच्याखाली काळी, मऊ, तेलकट कडी सबंध गोल फिरलेली होती. टाके जसेच्या तसे. सोनबाने गुडघे टेकून त्यांवरून अंगठा फिरवला. अकरा वर्षांत त्याने ती पहिल्यांदाच पाहिली. एकही टाका उसवला नव्हता. गेनबा, बघ, असं तो मनात म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले ते भीतीने नव्हे. अनंत कारकून दोन पावलं मागे सरला होता. काय आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी आप्पासाहेबांनी विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवंच होतं.

"म्हशीचं कातडं," सोनबा म्हणाला. "पाठीचं. गेनबा चांभाराने शिवलेलं. मी बसवलेलं."

आप्पासाहेबांनी माणसांना बांधाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. फळी थोडी उचलायला सांगितली, म्हणजे पेठेत निदान आजचं पाणी पोचेल. मग ते सोनबाजवळ येऊन बसले. कारभारी सुताराजवळ उकिडवे बसले, आणि एकाएकी ते फार तरुण दिसू लागले. हे वाड्यावर कळलं तर काय होईल ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. सबंध पेठेला प्रायश्चित्त. अकरा वर्षांची श्राद्धं, मुंजी, नैवेद्य, सगळ्यांवर प्रश्न. शास्त्र्यांच्या सभा. आणि सोनबाला किल्ला, बेडीसकट. "मीही तेच पाणी प्यालो आहे," ते म्हणाले, आणि क्षणभर थांबले, जणू आत काही होतंय का ते बघत होते. मग त्यांनी वाट काढली. माणूस खरंच हुशार होता. हरणाचं कातडं पवित्र असतं. ब्राह्मण त्यावर बसून संध्या करतो. तेव्हा हे मृगाजिन आहे. अनंत तसा कागद करील, सोनबाने खाली सुताराची निशाणी करायची, पटाशीचं चित्र काढायचं, की झालं. बांधावरच्या माणसांना मी बघतो. पत्रा पुन्हा ठोकून टाक. आप्पासाहेबांचा स्वर मायेचा होता, आणि ती माया खोटी नव्हती.

किती सोपं होतं. सोनबाने बुचाकडे पाहिलं. मृगाजिन. एक शब्द, आणि मुक्ताबाई उद्या भाकरी बांधून देईल, परवा देईल. त्याला त्या शब्दाचा राग यायला हवा होता तो आला नाही; आधी त्याला कारागिराची शिसारी आली. हरणाचं कातडं! पातळ, कोरडं, एका पावसात भिजून चिंधी होईल. कोण मूर्ख ते इथे बसवील? आणि मग त्याला तो मूर्ख दिसला. अजून जन्मलाही नसेल कदाचित. सोनबा मेल्यावर, आप्पासाहेब मेल्यावर, ही कडी केव्हातरी झिजेल, आणि कुणी सुतार दप्तरातला कागद वाचून घेईल. कागदावर पवित्र अक्षरात मृगाजिन असेल. तो प्रामाणिकपणे मृगाजिन बसवील. ते फाटेल, बूच दगडात चावून बसेल, आणि कुणीतरी वारज्याहून एक भोई आणील, त्याच्या हातात पहार देईल. दुसऱ्या टोकाला संपत बसून कांद्याबरोबर भाकरी खात होता, मधूनच कानाची पाळी ओढून पाणी काढत होता. सोनबाला त्या लांबच्या, न जन्मलेल्या भोयाची मान संपतसारखीच आखूड दिसली. खोटं इथे, उन्हात, किती हलकं वाटतं. वीस हात खाली गेलं की त्याच्यावर सगळं तळं बसतं.

"म्हैस लिहा," तो म्हणाला. "आणि गेनबाचं नाव लिहा. त्याशिवाय मी निशाणी करायचा नाही."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. त्यांनी विचारलं की निशाणी नाही केलीस तर तुला वाचवणार कोण, याचा विचार केलास का? सोनबा म्हणाला की कातडं उपटायचं असेल तर उपटा, मी बूच बसवत नाही. ताग-लाखेचं बूच आणि गळकी फळी यांवर ज्येष्ठ निघतो का ते पाहा. बसवायचं असेल तर हेच बसेल. आप्पासाहेब उठले. काहीच लिहायचं नाही, ते म्हणाले, कागदच नको. बूच बसव आणि उद्या माझ्याबरोबर वाड्यावर चल, पुढे तुझं नशीब. ते छत्रीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले. न पाहण्याचं ठरवलेल्या माणसाची ती पाठ सोनबाने पुष्कळ पाहिली होती. अकरा वर्षं ती त्याची स्वतःचीच होती.

दुपारभर त्याने काम केलं. नवा सागवानी दांडा तासला, खोबणीत बसवला, खिळे ठोकले, साखळी जोडली. लोकांना त्याने या वेळी खाली पाठवलं नाही. उलट संपतला जवळ बसवलं, लहान बूच त्याच्या हातात दिलं, फळी, विहीर, साखळी, सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि इतर माणसं हळूहळू गोळा होऊन ऐकू लागली तेव्हा आवाज आणखी चढवला. उचकटलेला पत्रा त्याने ठोकला नाही. कापून काढून बांधावर फेकला. काळी कडी उन्हात उघडी राहिली, तिला तेल चोळताना त्याची वाकडी बोटंही जरा सैल झाल्यासारखी वाटली. भीती गेली नव्हती. किल्ल्याची पायरी, बेडीचा गारवा, मुक्ताबाईचं एकटं घर, सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी त्याने तेलाचा दुसरा हात दिला.

बूच पाण्यात सोडलं, बसलं, दांड्याचं टोक पाण्याबाहेर पुरुषभर उभं राहिलं, आणि सोनबा चौथऱ्यावर चढून त्या टोकाशी बसला. त्याला अक्षर येत नव्हतं. पटाशी येत होती. ओटी टाकायला येणारी प्रत्येक बाई, रहाट फिरवणारा प्रत्येक गडी, नव्याने येणारा प्रत्येक सुतार जिथे हात ठेवील, नेमक्या त्या जागी त्याने लाकडात आधी एक पटाशी कोरली. तिच्याशेजारी, तिच्याच उंचीची, चांभाराची रापी कोरली. तिचं पातं नीट वाकडं आलं का ते दोनदा पाहिलं. ठोक्यांचा आवाज पाण्यावरून जात होता. आप्पासाहेबांना अखेर वळावं लागलं. ते चौथऱ्याखाली येऊन उभे राहिले.

"हे काय चालवलं आहेस?"

"निशाणी," सोनबा म्हणाला. "आपणच मागितली होती."

"मी हे तासून काढायला लावीन."

"लावा. तासणाऱ्याला कळेलच काय तासलं ते. तोवर ही सगळी माणसं वाचतील." त्याने बांधाकडे मान केली. पंचवीस माणसं उभी होती, संपत सगळ्यांच्या पुढे, आणि कुणीही पाठ केली नव्हती. आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे. सोनबाने रापीखालचा भुसा फुंकला, लाकडावर अंगठ्याने जागा मोजली आणि म्हशीचं पहिलं शिंग कोरायला घेतलं.